रोजच्या वापरातली इसेन्शियल ऑइल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निलगिरीची छोटी बाटली आपल्याकडच्या घरांत पूर्वीपासून आहे. गेल्या काही वर्षांत तिच्या शेजारी लव्हेंडर, टी ट्री, पेपरमिंट आणि रोझमेरी येऊन बसली. बाटल्या वाढल्या, पण मोजमाप त्यांच्यासोबत घरात आलं नाही, आणि होणाऱ्या त्रासाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. म्हणून खालच्या उत्तरांत थेंबांचे आकडे मुद्दाम दिले आहेत.

इसेन्शियल ऑइल म्हणजे नेमकं काय? खोबरेल किंवा बदाम तेलापेक्षा ते वेगळं कसं?

खोबरेल, तीळ, बदाम ही स्निग्ध तेलं. ती घाण्यावर निघतात, कागदावर तेलकट डाग ठेवतात आणि हवेत उडून जात नाहीत. इसेन्शियल ऑइलमध्ये हा स्निग्धांश नसतोच. पानं, फुलं, लाकूड, मुळं यांत साठलेली, हवेत उडणारी सुगंधी द्रव्यं म्हणजे हे तेल. बहुतेक तेलं वाफेने काढतात: वाफ वनस्पतीच्या थरातून जाते, थंड नळीत तिचं पुन्हा पाणी होतं आणि त्या पाण्यावर तेल तरंगतं. खाली उरलेलं सुवासिक पाणी हे गुलाबपाण्याच्या जातीचं. संत्रं आणि लिंबू यांची तेलं साली दाबून काढतात. मोगरा, जाई यांसारखी नाजूक फुलं वाफेत टिकत नाहीत, त्यांचा सुगंध द्रावक वापरून ओढतात आणि त्याला ‘अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणतात.

हे तेल किती तीव्र असतं याचा अंदाज गुलाबावरून येतो. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण ३ ते ५ टन पाकळ्या लागतात. ‘नैसर्गिक आहे, दोन थेंब जास्त पडले तर काय होतंय’ हा विचार म्हणूनच चुकीचा आहे.

अरोमाथेरपी ही आपली जुनी पद्धत आहे की बाहेरची?

सुगंधी तेलाचा अभ्यंग, उटणं, वाळ्याचे पडदे, चंदनाचा लेप हे सगळं आपलंच. अरोमाथेरपी हे नाव आणि थेंब मोजून वापरायची आजची पद्धत मात्र फ्रान्समधून आली. रेने-मोरिस गॅटफोसे हा फ्रेंच रसायनतज्ज्ञ १९१० मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात भाजला आणि जखमेवर त्याने लव्हेंडरचं तेल वापरलं. १९३७ मध्ये त्याने या विषयावर पुस्तक काढलं आणि ते नाव रूढ झालं. त्याची गोष्ट सांगून आज कोणी भाजलेल्या जागेवर लव्हेंडर ओतायला सांगत असेल तर ऐकू नका. भाजल्यावर पहिली वीस मिनिटं नळाचं वाहतं साधं पाणी, आणि तेल कोणतंही नाही.

अत्तर आणि इसेन्शियल ऑइल एकच का?

नाही. कनौजच्या पारंपरिक देग-भपका पद्धतीत फुलांची वाफ चंदनतेलात उतरवतात, त्यामुळे अत्तरात चंदन हाच पाया असतो. चंदन महाग झाल्यापासून स्वस्त अत्तरांत त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन किंवा डीओपी (प्लास्टिक मऊ करायला वापरतात ते रसायन) असतं. अत्तर कपड्यांना लावा. वाफेच्या पाण्यात, डिफ्यूझरमध्ये (पाण्यात थेंब टाकून सुगंधी धुकं सोडणारं विजेवरचं यंत्र) किंवा मालिशच्या तेलात ते घालू नका.

याचा खरोखर उपयोग होतो, की नुसता छान वास?

काही गोष्टींसाठी पुरावा बरा आहे, बऱ्याच गोष्टींसाठी नाही. ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीवर कपाळाला आणि कानशिलांना लावलेलं १० टक्के पेपरमिंट तेल जर्मनीतल्या १९९६ च्या चाचणीत पॅरासिटामॉलच्या तोडीचं ठरलं होतं. मुरमांवर ५ टक्के टी ट्री जेलची तुलना ऑस्ट्रेलियात १९९० साली ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडशी, म्हणजे मुरमांच्या नेहमीच्या औषधाशी झाली. दोन्हींनी मुरमं कमी झाली. टी ट्रीचा परिणाम उशिरा दिसला, पण त्वचेचा कोरडेपणा आणि आग कमी होती. लव्हेंडरचा वास घेतल्याने अस्वस्थता थोडी कमी होणं आणि झोप जरा बरी लागणं हेही बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. या अभ्यासांची अडचण उघड आहे: वास लपवता येत नाही, त्यामुळे कोणाला खरं तेल मिळालं हे सहभागी ओळखतात.

तरीही वासाचा परिणाम खोटा नाही. नाकातून निघालेला संदेश मेंदूच्या भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोहोचतो. रोज झोपण्याआधी एकच वास घेतला तर काही आठवड्यांत तो वास आणि झोप यांची सांगड बसते. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, संसर्ग यांवर मात्र ही तेलं औषध नाहीत. ‘सर्व रोगांवर’ असं लिहिलेली बाटली घेऊच नये.

बाटली खरी आहे हे कसं ओळखायचं?

लेबलवर वनस्पतीचं शास्त्रीय नाव हवं. नुसतं ‘लव्हेंडर’ पुरेसं नाही. झोपेसाठी लागतं ते लॅव्हंड्युला अँगुस्टिफोलिया. लॅव्हँडिन या संकरित जातीच्या तेलात कापराचा अंश जास्त असतो, वास उग्र असतो आणि ते स्वस्त मिळतं. त्याखेरीज वनस्पतीचा कोणता भाग वापरला, काढण्याची पद्धत, देश, बॅच क्रमांक आणि तारीख पाहा. चांगले विक्रेते त्या बॅचचा जीसी-एमएस अहवाल, म्हणजे तेलात कोणती द्रव्यं किती आहेत याचा प्रयोगशाळेचा तपशील, मागितल्यावर देतात. ‘थेरप्युटिक ग्रेड’ हे शब्द सरकारी किंवा आंतरराष्ट्रीय दर्जाचे नाहीत, ती कंपन्यांची जाहिरात आहे.

किंमत बरंच काही सांगते. संत्रं, निलगिरी, गवती चहा स्वस्त असणं स्वाभाविक आहे. गुलाब, चंदन आणि लव्हेंडर एकाच भावाने विकत असतील तर त्या बाटल्यांत कृत्रिम सुगंध आहे. स्ट्रॉबेरी, आंबा, कमळ अशा नावांचं इसेन्शियल ऑइल बाजारात दिसलं तर तेही तसंच समजा.

घरी करण्याजोगी एक चाचणी: पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दिवसभर ठेवा. तेलकट कडं उरलं तर त्यात स्वस्त स्निग्ध तेल मिसळलंय. वाळा, पॅचुली, चंदन यांसारखी दाट तेलं थोडा डाग ठेवतातच, त्यांना ही चाचणी लावू नका. कृत्रिम सुगंधाची भेसळ या चाचणीत पकडली जात नाही.

भेसळीचा इतिहास तर आपल्या दाराशी आहे. खानदेश आणि निमाडातल्या रोशा गवताचं तेल मुंबई बंदरातून तुर्कस्तानाकडे जायचं आणि तिथे गुलाबतेलात मिसळलं जायचं, कारण दोन्हींत जिरॅनिऑल हे गुलाबासारख्या वासाचं द्रव्य असतं. आज तेच रोशा तेल, म्हणजे पामारोसा, स्वतःच्या नावाने विकत मिळतं. त्वचेला सौम्य, गुलाबाच्या जवळचा वास आणि किंमत आवाक्यातली. पहिल्या दोन-तीन बाटल्यांत ते असावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

मालिशसाठी किती थेंब टाकायचे?

लक्षात ठेवायला सोपा हिशेब: ५ मिलीच्या छोट्या चमचाभर तेलात १ थेंब म्हणजे साधारण १ टक्का. मग ३० मिलीत ६ थेंब म्हणजे १ टक्का, १२ थेंब म्हणजे २ टक्के, १८ थेंब म्हणजे ३ टक्के. हा हिशेब एका मिलीत २० थेंब धरून केला आहे. प्रत्येक बाटलीची बूच वेगळी असते आणि दाट तेलाचा थेंब मोठा पडतो, म्हणून नेहमी करणाऱ्यांनी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्यावा आणि ग्रॅममध्ये मोजावं.

चेहऱ्यासाठी अर्धा ते १ टक्का (डोकेदुखी आणि मुरमं यांसाठी ठरावीक जागेपुरतं लावायचं प्रमाण वेगळं, ते पुढे दिलं आहे). रोजच्या अंगाच्या मालिशला १ ते २ टक्के. एखाद्या दुखऱ्या जागेवर थोडे दिवस ३ टक्के. साठीच्या पुढे आणि नाजूक त्वचेला १ टक्क्याच्या वर जाऊ नका.

काही तेलांची मर्यादा याहूनही कमी आहे आणि तिथेच लोक फसतात. गवती चहाचं तेल त्वचेवर ०.७ टक्क्यापर्यंतच, म्हणजे ३० मिलीत जेमतेम ४ थेंब. अंगणात गवती चहा असतो आणि त्याचा चहा रोज पितो म्हणून तेलही सौम्य असेल असं वाटतं, पण त्यातलं सिट्रल त्वचेला चटकन त्रास देतं. लवंगतेल अर्ध्या टक्क्यापर्यंत, ३० मिलीत ३ थेंब. दालचिनीच्या सालीचं तेल त्वचेसाठी वापरूच नका, त्याची मर्यादा ०.०७ टक्के इतकी कमी आहे की घरच्या मोजमापात ती बसत नाही.

तेल पातळ न करता थेट लावलं तर काय होतं?

कधी लगेच आग होते, कधी काहीच होत नाही. दुसरी शक्यता जास्त फसवी. वारंवार निव्वळ तेल लावल्यावर शरीर त्या द्रव्याविरुद्ध संवेदनशील होतं आणि एक दिवस पुरळ उठतं. अशी अ‍ॅलर्जी बहुधा कायमची राहते, आणि तेच द्रव्य साबणात, अत्तरात, क्रीममध्ये असलं तरी त्रास होतो.

नवीन तेल वापरण्याआधी ज्या प्रमाणात लावणार तेच मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला दोन थेंब लावा, वर पट्टी ठेवा आणि ४८ तास पाहा. लाली, खाज, फोड आले तर ते तेल तुमच्यासाठी नाही. त्वचेवर आग झाली तर आधी खोबरेल लावून फडक्याने पुसून घ्या, मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ते निघत नाही. डोळ्यात गेलं तर मात्र पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याची धार आणि लगेच नेत्रतज्ज्ञ.

लिंबाचं तेल लावून उन्हात गेल्यावर काळे डाग का पडले?

साल दाबून काढलेल्या लिंबू आणि बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं एक फळ) यांच्या तेलांत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्यावर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे डाग राहतात, काही वेळा महिनोन्‌महिने. बर्गमॉटची मर्यादा ०.४ टक्के, म्हणजे ३० मिलीत २ थेंब. ही तेलं लावली तर त्या भागावर किमान १२ तास ऊन नको. गोड संत्र्याच्या तेलाला हा दोष नाही, म्हणून अंगाला लावायला तेच बरं.

कॅरिअर ऑइल, म्हणजे थेंब ज्यात मिसळायचे ते स्निग्ध तेल, म्हणून घरातलं कोणतं तेल चालेल?

अंगासाठी तीळ किंवा खोबरेल उत्तम. लाकडी घाण्याच्या तिळतेलाला स्वतःचा वास असतो आणि तो लव्हेंडरसारख्या नाजूक सुगंधावर मात करतो, तिथे बदाम तेल घ्या. थंडीत खोबरेल गोठतं, म्हणून रोल-ऑन बाटलीत ते नको. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर खोबरेल टाळा आणि जोजोबा वापरा. मोहरीचं तेल स्वतःच उष्ण आणि उग्र, त्यात आणखी काही मिसळू नये. खवट वास आला की मिश्रण फेका. एका वेळी ३० मिलीच करा म्हणजे महिनाभरात संपतं.

डिफ्यूझर कसा चालवायचा?

१०० मिलीच्या टाकीत ३ ते ४ थेंब, दहा बाय बाराच्या खोलीला पुरतात. अर्धा तास चालू, मग निदान अर्धा ते एक तास बंद. एक खिडकी थोडी उघडी.

सगळ्यात जास्त चूक इथे होते. दहा-पंधरा मिनिटांत नाक त्या वासाला सरावतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं तेल संपलं, आणखी पाच थेंब पडतात. खोलीत तेल वाढत जातं, तासाभराने डोकं दुखतं आणि दोष लव्हेंडरला दिला जातो. वास आला नाही तर दाराबाहेर जाऊन दोन मिनिटांनी परत या, मग ठरवा.

बोअरच्या जड पाण्याने टाकीतल्या धुकं करणाऱ्या पातळ पडद्यावर क्षार साचतात आणि धुकं कमी होतं. फिल्टरचं पाणी वापरा. रोज उरलेलं पाणी ओतून टाका. आठवड्यातून एकदा टाकीत निम्मं पाणी आणि एक चमचा पांढरं व्हिनेगर घालून पाच मिनिटं चालवा, मग कापसाने पुसा. घरात दमेकरी असेल तर डिफ्यूझर त्याच्या खोलीत नको. अगरबत्तीच्या धुरापेक्षा यात कण कमी असतात हे खरं, पण सुगंधी वाफांनीही श्वासनलिका आवळू शकते.

विजेवरच्या कापूरदाणीत तेल टाकलं तर चालेल का?

वरच्या वाटीत आधी पाणी, मग २ थेंब. कोरड्या तापलेल्या वाटीत निव्वळ तेल टाकलं तर ते करपतं, वास बदलतो आणि धूर होतो. निलगिरी आणि संत्रं यांची वाफ ५० अंशांच्या आसपासच्या उष्णतेलाही पेट घेऊ शकते. समईत, निरांजनात किंवा पेटत्या कापरावर थेंब टाकणं म्हणून धोक्याचं. मे महिन्यात बाटल्या गाडीतही ठेवू नका.

झोप लागत नाही. काय करून पाहावं?

सुती रुमालावर लव्हेंडरचे २ थेंब, रुमाल उशीपासून हातभर अंतरावर. झोपायच्या अर्धा तास आधी, रोज त्याच वेळी. किमान दोन आठवडे केल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. लव्हेंडर आवडत नसेल तर वाळा घ्या. वाळ्याचं तेल दाट असतं, बाटली तळहातात धरून कोमट केली की थेंब पडतो. नावडता वास शांत करत नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणी सुचवलं म्हणून ओढूनताणून तोच वापरू नका. जटामांसीचं तेल झोपेसाठी सुचवतात, पण ती हिमालयी वनस्पती नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. रोजच्या वापरासाठी ती घेऊ नये.

भारतात आता जम्मूतल्या भद्रवाह भागात लव्हेंडरची शेती होते. लेबलवर ते नाव दिसलं तर आयात तेलाच्या मागे धावायचं कारण नाही.

सर्दीत वाफ घेताना निलगिरी किती?

मोठ्या माणसाला एका लिटरला १ ते २ थेंब. पातेलं गॅसवरून उतरवून टेबलावर ठेवा, मगच थेंब टाका. डोळे मिटलेले, चेहरा फूटभर वर, पाच मिनिटं पुरेत. चमचाभर निलगिरी ओतली की डोळे झोंबतात, खोकल्याची उबळ येते आणि नाक जास्त चोंदतं.

पेपरमिंटने नाक मोकळं झालं असं वाटतं त्याचं कारण मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या तंतूंना चेतवतं. सूज तेवढीच असते, आराम मात्र वाटतो. तापासह दम लागत असेल तर वाफेत वेळ घालवू नका. मुलांना पातेल्यावर वाफ देऊच नका. उकळतं पाणी सांडून भाजण्याचा धोका तेलापेक्षाही मोठा आहे.

डोकं दुखतं तेव्हा?

१० मिलीच्या रोल-ऑन बाटलीत बदाम तेल आणि पेपरमिंटचे ६ थेंब, म्हणजे ३ टक्के. कपाळ आणि कानशिलांवर पातळ लावा, डोळ्यांपासून दोन बोटं दूर. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा लावायला हरकत नाही. पुरेसं वाटलं नाही तर १० थेंबांपर्यंत जा, पुढे नाही. हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका. अर्धशिशीच्या काही रुग्णांना कोणताही तीव्र वास झटका आणतो, त्यांनी हा प्रयोग टाळावा.

घाटात गाडी लागते, त्यावर?

आले किंवा पेपरमिंटचा एक थेंब रुमालावर टाकून अधूनमधून हुंगा. बंद एसी गाडीत डिफ्यूझर लावू नका, शेजारच्याला त्यानेच मळमळेल. ताज्या लिंबाची साल नखाने खरवडून हुंगणं तितकंच उपयोगी आणि फुकटात.

गुडघेदुखीसाठी गंधपुरा तेल रोज लावू का?

गंधपुऱ्यात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनच्या घराण्यातलं द्रव्य. ते त्वचेतून रक्तात जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, विशेषतः वॉरफरिन, घेणाऱ्यांनी ते लावू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनीही नाही. बाकीच्यांनी २ टक्क्यांच्या आत, थोडे दिवस, आणि वर गरम शेक न देता. शेकाने शोषण वाढतं. हे तेल पोटात गेलं तर ५ मिलीतलं सॅलिसिलेट वीसहून जास्त ॲस्पिरिन गोळ्यांएवढं भरतं. ही बाटली देवघराजवळच्या फडताळात न ठेवता कुलपात ठेवा.

रोझमेरीने केस येतात का?

२०१५ साली इराणमधल्या एका चाचणीत अनुवंशिक टक्कल असलेल्या शंभर पुरुषांमध्ये रोझमेरी तेलाची तुलना २ टक्के मिनॉक्सिडिलशी, म्हणजे केस वाढवण्याच्या नेहमीच्या औषधाशी झाली आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. चाचणी एकच आणि लहान, त्यामुळे खात्रीने सांगण्याइतकं हे नाही. करायचंच तर ३० मिली खोबरेल किंवा तिळतेलात १२ थेंब, आठवड्यातून तीनदा टाळूला, आणि सहा महिने धीर. लोहाची कमतरता किंवा थायरॉइडमुळे केस जात असतील तर आधी रक्ततपासणी करा. फेफरं असलेल्यांनी रोझमेरी टाळावी.

मुरमांवर टी ट्री कसं लावायचं?

१० मिली कोरफड जेलमध्ये १० थेंब, चांगलं घोटून, फक्त मुरमावर, दिवसातून दोनदा. सहा-आठ आठवडे लागतात. जुनं टी ट्री जास्त आग करतं, त्यामुळे उघडून वर्ष झालेली बाटली चेहऱ्यासाठी नको.

सिट्रोनेलाने डास पळतात का?

पळतात, पण अर्धा ते दोन तासच. घामात त्याहून लवकर परिणाम जातो. पावसाळ्यात डेंग्यूची साथ असताना त्यावर विसंबू नका. डीईईटी, पिकारिडिन किंवा पीएमडी ही डास दूर ठेवणारी द्रव्यं असलेलं, अंगाला लावायचं औषध, मच्छरदाणी आणि साचलेलं पाणी काढणं हेच खरं संरक्षण. पीएमडी लेमन युकॅलिप्टसपासून मिळतं, पण त्या नावाच्या साध्या इसेन्शियल ऑइलमध्ये ते अगदी कमी असतं. ही दोन्ही एकच समजून लोक फसतात.

काशाच्या वाटीने तळपाय घासताना इसेन्शियल ऑइल मिसळावं का?

मिसळा, हा फार चांगला वापर आहे. दोन चमचे तिळतेल, लव्हेंडर किंवा पामारोसाचे २ थेंब, प्रत्येक पायाला सात-आठ मिनिटं. पाय काळे पडतात ते शरीरातली उष्णता किंवा विष बाहेर आल्यामुळे नाही. काशातल्या तांब्याशी तेलाची आणि घामाची क्रिया होऊन तो रंग येतो. मालिशचा आराम खरा आहे, त्याला या दाव्याची गरज नाही. नंतर तळवे पुसल्याशिवाय फरशीवर चालू नका.

बादलीतल्या अंघोळीच्या पाण्यात थेंब टाकले तर?

तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगतं आणि पहिल्या तांब्यासोबत निव्वळ थेंब अंगावर येतो, नको तिथे आग होते. दूध किंवा मीठ घातल्याने फरक पडत नाही. अंघोळीआधी १ टक्क्याचं तेल अंगाला लावा, दिवाळीच्या अभ्यंगासारखं, आणि मग पाणी घ्या. फरशी पुसायच्या बादलीत मात्र चालेल: एका चमचा लिक्विड साबणात गवती चहाचे १० थेंब आधी घोटून मग पाण्यात.

लहान मुलांना काय चालतं?

दोन वर्षांच्या आत काहीच नाही. दोन ते सहा वर्षं: अर्धा टक्का, ३० मिलीत ३ थेंब, लव्हेंडर किंवा गोड संत्रं. सहा ते बारा: १ टक्का. निलगिरी, पेपरमिंट, कापूर लहानग्यांच्या नाकातोंडाजवळ कधीच नको. मेंथॉलच्या झटक्याने तान्ह्या बाळाचा श्वास क्षणभर थांबू शकतो. निलगिरी आणि कापूर पोटात गेल्यावर झटके येतात. तेल लावल्याने किंवा हुंगल्यानेही आलेले झटके भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. बाळाच्या कपड्याला बांधायची ओवा-कापराची पुरचुंडी म्हणूनच सोडून द्यावी. बाळाने कापराची वडी तोंडात घातली तर ती जिवावर बेतू शकते.

मुलाने तेल प्यायलं तर उलटी काढू नका. उलटी होताना तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. दूध, तूपही पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा सरळ रुग्णालय गाठा, आणि बाटली सोबत न्या. लक्षणं नाहीत म्हणून घरी वाट पाहायची नाही, कापराचे झटके अचानक येतात.

गरोदरपणात?

पहिले तीन महिने त्वचेवर काही लावू नका. नंतर १ टक्क्यापर्यंत लव्हेंडर किंवा गोड संत्रं, तेही तुमच्या डॉक्टरांना सांगून. गंधपुरा, कापूर, वेखंड, सेज पूर्णपणे बंद. मळमळीला कापलेलं लिंबू हुंगणं पुरे.

घरात मांजर आहे, तर?

मांजराच्या यकृताला या द्रव्यांचा निचरा नीट करता येत नाही. टी ट्री तिच्या अंगाला कधीच लावू नका, गोचिडांसाठीसुद्धा नाही. डिफ्यूझर लावला तर तिला खोलीबाहेर जाता आलं पाहिजे. फरशी तेलाने पुसली तर वाळेपर्यंत तिला दूर ठेवा, कारण ती पंजे चाटते. पोपट आणि लव्हबर्ड असलेल्या खोलीत डिफ्यूझर नकोच.

पाण्यात एक थेंब टाकून प्यायलं तर?

नाही. थेंब पाण्यावर तरंगतो आणि घशाची, अन्ननलिकेची आतली त्वचा भाजतो. आतड्याच्या तक्रारींवर पेपरमिंटच्या कॅप्सूल असतात, पण त्यांचं आवरण पोटात न विरघळता आतड्यात विरघळतं आणि मात्रा ठरलेली असते. दाढ दुखताना अख्खी लवंग दाढेखाली धरा. निव्वळ लवंगतेलाने हिरडी सोलवटते.

बाटल्या कशा ठेवायच्या, आणि किती दिवस टिकतात?

गडद काचेत, झाकण घट्ट, उन्हापासून दूर. रबरी फुग्याच्या ड्रॉपरसकट ठेवू नका, रबर विरघळून तेलात उतरतं. साध्या प्लास्टिकच्या बाटलीचंही तेच होतं. संत्र्याचं तेल थर्मोकोल विरघळवतं, यावरून कल्पना येईल. लिंबू, संत्रं, टी ट्री उघडल्यावर वर्षभर, फ्रिजमध्ये ठेवली तर थोडी जास्त. लव्हेंडर, निलगिरी दोन-तीन वर्षं. वाळा, चंदन, पॅचुली जुनी होतील तशी गोलसर होतात.

उघडल्याची तारीख बाटलीवर चिकटवा. अर्धी रिकामी बाटली लवकर बिघडते, कारण आत हवा जास्त. उरलेलं तेल लहान बाटलीत ओता. वास टर्पेंटाइनसारखा झाला किंवा तेल चिकट झालं तर ते त्वचेसाठी संपलं: हवेने तयार झालेली द्रव्यंच ॲलर्जी जास्त आणतात. असं तेल मोरीत ओतू नका. वर्तमानपत्राच्या बोळ्यात शोषून घ्या, बोळा उघड्यावर वाळवा आणि सुक्या कचऱ्यात टाका.